प्लॅटिनमची तार

सर, काल तुमच्या कॉलेजात माझं व्याख्यान झालं. विषय माझाच, अल्कोहोल न जाळता त्यातून वीज काढणारी फ्युएल सेल. सभागृह भरलं होतं. विज्ञानाशिवाय या मुलखाला तरणोपाय नाही, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं आणि टाळ्या थांबेनात. नंतर "विचारा प्रश्न" म्हटलं, तर एकही हात वर झाला नाही. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे मी उगाच पाहत राहिलो. तिथे तुम्ही बसायचात, आणि प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला सोडायचा नाहीत.

चहा टाळून प्रयोगशाळेत गेलो. ओटे तेच आहेत. एक्क्याऐंशी साली याच ओट्यापाशी तुम्ही उभे आहात. काचेच्या कांडीत बसवलेली प्लॅटिनमची तार, कॉलेजातली एकुलती एक, तुम्ही लाल तापवता, कोमट स्पिरिटवर धरता आणि बर्नर बंद करता. तार विझत नाही. "बघा रे, सोता जळंना, पण स्पिरिटला सोडंना. हिला म्हणायचं उत्प्रेरक." मी शेजाऱ्याला काहीतरी सांगतोय. "ओ वक्ते, तोंड मिटा, डोळे उघडा! अन् हिला कथील न् शिसं दाखवू नका. धातूत धातू मिसळला की तार खलास."

त्याच आठवड्यात मला वादविवाद स्पर्धेसाठी औरंगाबादची बस गाठायची होती. प्रॅक्टिकलला ओळखायला दिलेल्या क्षारात कथील-शिसं आहे का, हे आधी न तपासता मी तार त्यात बुडवून ज्योतीत धरली. क्षार कथिलाचा निघाला. टोक करडं पडलं आणि पुसताना मोडलं. तुकडे नळीत ठेवून मी बस पकडली. ढाल जिंकून आलो, तेव्हा तुम्ही वर्गात विचारत होता, तार कुणी तोडली? प्रयोगशाळा सांभाळणारे मामा पुढे झाले. "सर, धुताना माह्याच हातून तुटली असंल."

"इतकी वर्षं झाली मामा, अजून तार धुता येईना तुम्हाला?" तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. मामा खाली बघत उभे राहिले. मी पहिल्या बाकावर होतो. स्पर्धेत मी सत्याच्या बाजूने बोललो होतो.

पुढे पुण्यात संशोधन करताना तेच कथील मी मुद्दाम प्लॅटिनममध्ये मिसळलं. नुसतं प्लॅटिनम लवकर थकतं, अल्कोहोलचे अर्धवट तुटलेले तुकडे त्याला चिकटून बसतात. कथील जोडीला असलं की ते निघून जातात. करंट चढला, आणि मी तुम्हाला चार पानी पत्र लिहिलं. तुमचं उत्तर पोस्टकार्डावर आलं.

"करंट वाढला, बराबर आहे. पण अल्कोहोल शेवटपर्यंत तुटलं का? की सिरक्यापाशीच, त्या आंबट आम्लापाशी, थांबलं? ते तू लिहिलं नाहीस. कथील प्लॅटिनमला काय करतं, हे तुला आमच्या लॅबमध्येच कळलं होतं. तेव्हाही तू सांगितलं नव्हतंस. मागून वही पाहिली, तर कथिलाचा क्षार तुलाच दिलेला. मी मामांना उगाच बोललो."

जालन्यात बसून मुलांचे क्षार तपासणारा माणूस मला शिकवतो, असं मी त्या कार्डाकडे बघून मोठ्याने म्हणालो. खोलीत कुणी नव्हतं. उत्तर पाठवलं नाही. चार महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

थांबलं होतं, सर. सिरक्यापाशीच. दोन कार्बनमधला बंध तुटतच नव्हता, आजही माझ्याच्याने फारसा तुटत नाही. तुम्हाला पत्र लिहीत होतो तेव्हा सगळ्या खोलीला आंबट वास होता. कालच्या व्याख्यानातही मी तेवढंच गाळलं. तुम्ही असतात तर गाळता आलं नसतं. आता मला कुणी अडवत नाही, आणि इतका एकटा मी पूर्वी कधी नव्हतो.

मामा अजून आहेत, जुन्या जालन्यात, लेकाकडे. काल रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. "बिलकुल जवळ आहे साहेब, पाच मिनिटं." गल्लीच्या तोंडाशी आलो आणि त्याला म्हटलं, स्टेशनला घे.

तार मी तोडली. तुम्हाला ते माहीत होतं, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. मामा आहेत, ते ऐकतील. म्हणूनच हे तुम्हाला लिहिलं.