रूपालीची डिस्क

२८ सप्टेंबर, रविवार

डिस्क भरली. संगणक म्हणतो, जागा नाही. ऐंशी जीबी घेताना केवढी वाटली होती! आणि चाळीस कॅसेटी अजून ट्रंकेत पडून आहेत, उतरवायच्या राहिलेल्या. मास्तरकीच्या एकतीस वर्षांतली पोरं, त्यांचे कविता म्हणतानाचे आवाज.

प्रियदर्शनीला फोन लावला. लेक पुण्यात मोठमोठे संगणक सांभाळते, पण बापाच्या डबड्याचं नाव काढलं की हसते. म्हणाली, "बाबा, त्या दुसऱ्या रिकाम्या डिस्कचं लोणचं घालून राह्यले काय? दोन्हीची मिळून एक करून टाका ना."

मला वाटलं, वायरने जोडायच्या. तसं नाही. दोन्ही एका गटात घ्यायच्या. मग संगणकाला दोन दिसतच नाहीत, एकच मोठी जागा दिसते. भरत आली की तिसरी घ्या, चौथी घ्या. मला शाळा आठवली. अ तुकडीचे गुरुजी रजेवर गेले की आम्ही मधलं लाकडी पार्टिशन सरकवायचो आणि साठ पोरं एकच कविता म्हणायची. कौलं थरथरायची.

पण गटात घेण्याआधी डिस्क तयार करावी लागते. तिच्यावरची जुनी आखणी पुसायची, मग तिच्या माथ्यावर गटाची खूण लिहायची. आधी रिकामीला तयार करायचं, पोरांचे आवाज तिच्यावर आणायचे, मग भरलेली मोकळी झाली की तिलाही तसंच. लेकीने एकेक ओळ सांगितली, मी वहीत शुद्धलेखनासारखी उतरवली. रिकामी ती एसडीसी. भरलेली ती एसडीबी. दोघी एकाच बनावटीच्या, एकाच दुकानातून जुन्या घेतलेल्या.

"बाबा, दुसरी कॉपी हाय ना?"

आहे म्हटलं. आहेच. वेगळ्या फोल्डरात सगळं पुन्हा उतरवून ठेवलं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

हिरीबाई आली. मंगळवार चुकत नाही. रिसोडला भाजी विकायची, परतताना रिठदच्या फाट्यावर उतरायचं आणि मळ्यात जाण्याआधी माझ्याकडे यायचं. टोपल्यात उरलेली मेथी होती, ती ओट्यावर टाकली.

"लावा गुरुजी."

लावलं. दोन हजार आठ साल, पाचवीचा वर्ग. मीच पोरांसाठी जुळवलेल्या ओळी — "नदी निघाली शाळेला, दप्तर तिचं ओलं". हिरीबाईची रूपाली पहिली ओळ म्हणते, मग श्वास घेते. तो श्वास सबंध ऐकू येतो. मग दुसरी ओळ, जराशी घाईत. सव्वा मिनिट. पुढच्या पावसाळ्यात पोरगी तापाने गेली. घरात तिचा धड फोटो नाही. आहे तो हाच आवाज, आणि तो माझ्या डिस्कवर.

सहा वर्षांपूर्वी, माझी बायको जिजाबाई गेली त्या हिवाळ्यात, रिकामं घर खायला उठायचं म्हणून मी कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या. तेव्हा हा आवाज सापडला. मीच मळ्यात जाऊन सांगितलं होतं — चल, तुझी पोरगी ऐकवतो. तेव्हापासून येते. उंबऱ्यावर बसते, पदर तोंडाला लावते. रडत नाही. झालं की इकडचं तिकडचं बोलते, मीही बोलतो. आज म्हणाली, "सोयाबीन भिजलं लोकायचं. तुमचं बरं हाय, तुमचं पीक डब्यात हाय."

खरंच आहे. माझं पीक डब्यात आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

गल्लीत सगळे ट्रॅक्टर धुऊन राह्यले. मी संगणक उघडला. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची एकेक पाकळी. ज्याच्यावर आपलं चालतं त्याची आज पूजा. मग ती नांगराची असो की डिस्कची. जिजाबाई असती तर म्हणाली असती, "आता यायले निवद बी दाखवा." परत बसवल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज केलं! दुपारी जेवण उरकून बसलो. वहीत पाहून एकेक ओळ टंकली. पुसायच्या ओळीच्या शेवटी लेकीने "काउंट एक" असं सांगितलं होतं. म्हणजे फक्त पहिला तुकडा पुसायचा, तेवढ्याने भागतं. मला ते पटेना. वर्गात असताना मी अर्धा फळा कधी पुसला नाही. आधीच्या तासाचं गणित कोपऱ्यात राहिलं की पोरांचं लक्ष तिथेच जातं. कविता लिहायची तर फळा कोरा हवा, वरपासून खालपर्यंत. काउंट काढून टाकला. पाऊण तास दिवा लुकलुकत होता. मी बाजूला बसून चहा प्यालो.

मग खूण लिहिली. मग गट केला. गटाला नाव द्यावं लागतं, "शाळा" दिलं. मशीन म्हणालं, तयार झाला. सत्तराव्या वर्षी नवीन काही जमलं. आता पोरांना नव्या वर्गात न्यायचं, उद्या सकाळी.

५ ऑक्टोबर, रविवार

एसडीबी रिकामी आहे.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

सकाळपासून दहादा बंद करून चालू केलं. काही नाही. लेकीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, मधात डिस्क काढल्या होत्या काय?"

दसऱ्याचं सांगितलं.

"अवो बाबा, बी अन् सी ही काही त्यायची नावं नाहीत. ज्या खोबणीत बसवली तसं नाव पडते. परत बसवताना अदलाबदल झाली. तिच्यावरचा नंबर पाहायचा असते."

म्हणजे मी पाटावरून उचलताना उजवी डावीकडे बसवली. एवढंच. दोघींच्या कपाळी सारखंच कुंकू होतं.

"बरं, पहिलाच तुकडा गेला असंन. बाकीचं काढता येते. काउंट टाकला होता ना?"

फळ्याचं सांगितलं. मग तीच हळूच म्हणाली, "दुसरी कॉपी?"

त्याच डिस्कवर होती. वेगळ्या फोल्डरात. मला खरंच वाटत होतं की फोल्डर वेगळा म्हणजे जागा वेगळी. एका पेटीत दोन पिशव्या ठेवल्या आणि पेटी जाळली. तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

उतरवून झालेल्या कॅसेटींना बुरशी चढली होती. मागच्या वर्षी मीच खड्ड्यात टाकल्या. आता कशाला ठेवायच्या, डिस्कवर आहेत ना, असं म्हणालो होतो. स्वतःशी. मोठ्याने.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज कडी आतून लावून घेतली. पायरीवर टोपलं टेकल्याचा आवाज आला. "गुरुजी? वो गुरुजी?" मी आतल्या खोलीत खाटेवर, श्वास रोखून. सत्तर वर्षांचा माणूस, एका बाईला भिऊन लपलेला. एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो — चुकलं तर उभं राहून सांगावं.

बराच वेळ बसली पायरीवर. मग शेजारच्यांना विचारत होती, गुरुजी गावाला गेले काय म्हणून. गेल्यावर दार उघडलं तर वांगी ठेवलेली. चार, देठासकट.

जेवण केलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एसटीने वाशीमला गेलो, डिस्क रुमालात गुंडाळून, मांडीवर. राजपालचं दुकान आहे, बिघडलेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो, हिशेब, काय काय काढून देतो. माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला, स्टूल पुसून दिलं.

"सर, पाण्यात पडलेली आणा, जळलेली आणा, काहीतरी काढतो. तुमी काय केलं?"

सांगितलं. मशीनला लावून पाहिलं त्याने. मग पडदा माझ्याकडे वळवला. शून्य, शून्य, शून्य. ओळीच्या ओळी. खाली सरकवत गेला, तरी तेच.

"हे असं शेवटलोक हाय, सर. इतकं सफा तर आमीबी करत नाही."

पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, राजपाल, तू पाचवीत कविता म्हटली होतीस, आठवते का? डोकं खाजवून म्हणाला, "नाही बा सर. काहीच याद नाही."

मला त्याची आठवत होती. दुसऱ्या कडव्यात अडखळायचा. ती पण गेली.

परतताना खिडकीशी बसलो. पोरं एकेक करून आठवून पाहिली. चेहरे आठवतात. आवाज एकाचाही आठवत नाही, नुसती चाल आठवते. चाल तर सगळ्यांची एकच होती — मी शिकवलेली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

एक नीच गोष्ट केली. लिहून ठेवतो.

ट्रंकेतल्या चाळीस कॅसेटींपैकी दोन हजार सहाच्या काढल्या. नदीची कविता त्याही वर्षी घेतली होती. दिवसभर टेपरेकॉर्डर लावून मुली ऐकत बसलो. तिसऱ्या कॅसेटवर एक सापडली. बारीक आवाज, पहिल्या ओळीनंतर श्वासही घेते. रूपालीच म्हणावी! ही लावून दिली तर हिरीबाईला काय कळणार? ओळी त्याच, चाल तीच, मीच शिकवलेली. पदर तोंडाला लावेल, उठून जाईल. माझी सुटका होईल.

संगणकावर उतरवलीसुद्धा. नाव टंकलं — रूपाली. ते अक्षरात दिसलं आणि हात थांबला. कोणाची तरी लेक घेऊन दुसरीच्या ओटीत घालायची, आणि आई तिला आपली समजून ऐकत बसणार. दर मंगळवारी. मी समोर बसून पाहणार.

नाव खोडलं. टेप बंद केला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लेकीचा फोन. "बाबा, खरं सांगून टाका तिले. तिले राग येईन, येऊ द्या. मी येऊ काय?" नको म्हटलं. सांगणार आहे. कसं, ते ठरत नाही. तुझी पोरगी एकदा तापाने नेली, दुसऱ्यांदा मी — हे वाक्य जुळवलं आणि लाज वाटली. इथेही यमक शोधतोस, जानराव?

नुसतं सांगायचं. गेला, माझ्या हातून गेला, परत येत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. दारातच, तिला बसू न देता. हिरीबाईने टोपलं खाली ठेवलं.

"थो माह्या रूपालीचा आवाज नोताच, गुरुजी."

मला कळेना. तीच पुढे बोलली. "तुमी आवाज भरले त्या दिशी थे शाळेतच नोती. माह्यासंग भेंड्या तोडत होती. थो आवाज आमच्या बाजूच्या किशनच्या वैजयंतीचा. आता धनज गावी नांदते. मले पयल्याच दिशी समजलं."

मी नावं हजेरीच्या क्रमाने लिहिली होती. कोण गैरहजर, ते पाहिलं नव्हतं.

"मग सहा वर्षं काहून ऐकत आलीस?"

"जिजाबाई गेल्यावर तुमी कोनाशीच बोलत नोते. अन्नाले बी हात लावत नोते, गाव सांगे. मले बोलवाले आले तवा पयल्यांदा घराबाहीर निंघाले. मंग मी कायले सांगू, हे माही पोर नोय म्हणून? लावा म्हटलं का तुमी बोलत."

टोपल्यातली गवार ओट्यावर टाकली. पुढचा मंगळवार दिवाळीचा. येईन म्हणाली.