चरबी पिशवीला चोळ

माझ्या कालिपाला,

कुरणावर तू आणि घोड्या खुशाल असालच. घोडीच्या दुधाचं कुमिसही पिशवीत आंबत असेल. मीही बिश्केकच्या दवाखान्यात मजेत आहे.

इथली बुरुलचा नावाची डॉक्टर भारी हुशार आहे. म्हणाली, "आजोबा, तुमच्या रक्तवाहिन्या कुमिसच्या जुन्या चामडी पिशवीसारख्या ताठ झाल्यात. त्या ताणत नाहीत, म्हणून हृदयाला जास्त जोर लावावा लागतो."

मी म्हटलं, "म्हणून तर रोज मेंढीच्या शेपटीची चरबी खातो! चामडं चरबीनंच मऊ होतं."

ती पोट धरून हसली. "चरबी पिशवीला चोळा, आजोबा. खाल्ली तर वाहिन्या तुंबतात."

एकाहत्तर वर्षं हे हृदय तक्रार न करता राबतंय, कमाल आहे!

माझ्या वाटची चरबी पिशवीला चोळ. तुझ्या वाटचीही. चढावर हल्ली तू दम खायला थांबतेस आणि विचारलं की 'फुलं बघत होते' म्हणतेस. खाली दवाखान्यात ये.

तुझी वाट बघणारा,
सागिनबेक