आपल्या उंबऱ्यातला गळ

आबा, तुमच्या धाकट्या बहिणीच्या पायात या उन्हाळ्यात गळ घुसला, आणि तो गळ माझा होता. आत्याला हे माहीत नाही. तिला वाटतं, पुण्याच्या हौशी लोकांचा असेल. ती त्यांना शिव्या घालते, मला आशीर्वाद देते आणि मी दोन्ही मुकाट ऐकून घेतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय, कारण माझी मलाच लाज वाटतेय.

तुमच्यासारखं जाळं मी टाकत नाही. शनिवार-रविवारी पुण्या-नाशकाकडून लोक येतात, त्यांना होडीत घालून धरणाच्या फुगवट्यावर फिरवतो. ते मासा धरतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. तुम्ही म्हणाल, सोडायचा तर धरला कशाला, येड्या? पण धरण्यातच सगळी गंमत आहे. त्यांच्याकडे गांडूळ नसतं, कणीक नसते. बोटाएवढा प्लास्टिकचा मासा असतो, हिरवी पाठ, नारिंगी पोट, पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ आणि तोंडापुढे एक पारदर्शक जीभ. क्रँकबेट म्हणतात त्याला. ओढला की ती जीभ पाणी कापते आणि तो डोकं खाली घालून लटपटत खोल जातो. ओढणं थांबवलं की आपोआप वर यायला लागतो. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांपाशी तो फेकायचा. खोल पाण्यात होडीमागे लांब सोडायचा आणि इंजिन अगदी हळू चालवायचं. खुबी एवढीच, की त्याची जीभ खालच्या दगडाला टकटक लागली पाहिजे. दगडाला आपटून तो बिचकल्यासारखा बाजूला उडतो आणि आडोशाला दबा धरून बसलेला शिवडा मासा नेमका तेव्हा जबडा उघडून त्याच्यावर तुटून पडतो. खरं सांगतो आबा, मला याचं वेड लागलंय. रॉडच्या टोकाला ती टकटक आली की जेवणखाण सुचत नाही.

आता ते दगड कुठले, हे तुम्हाला काय सांगू! अजून डोळ्यांपुढे दिसतं, मी लहान आहे, होडी धरणात बुडालेल्या आपल्या गावावर आली की तुम्ही वल्हं आत घेता, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवता. मी तसाच बसलेला. "गावात चपला घालून शिरतो व्हय रं? काढ." मी खाली बघतो तर नुसतं हिरवं पाणी. तुम्ही काठावरच्या देवळाचा कळस दाखवता, पलीकडची टेकडी दाखवता. "ह्यो कळस त्या टेकडीच्या पोटात आला की समज, आपलं घर. हितं जाळं टाकायचं न्हाई. कुनीच टाकत न्हाई. आपली मान्सं ऱ्हात हुती हितं." मातीची घरं कधीच विरघळली. आपल्या घराचं जोतं आणि भिंती घडीव दगडाच्या, म्हणून त्या उभ्या राहिल्या. जाळं कुणी टाकत नाही, म्हणून मासेही तिथंच पोसले. तुम्ही ती खूण मला घर चुकवायला दिलीत आणि मी तिच्यावरूनच बरोबर घर गाठतो. "सर, आता रॉड घट्ट धरा," असं सांगतो आणि आपल्या ओसरीवरून गळ ओढत नेतो. पायात चपला तशाच. एखादा भिंतीत अडकतो, दोरा तुटतो, क्रँकबेट खाली राहतो. राहू दे, खाली कोण चालतंय, असं मी म्हणायचो.

आत्या चालते. धरण खाली जाऊन गाव उघडं पडलं की श्रीरामपुराहून तिचा फोन येतोच, "मला माहेरी ने रं." यंदाही आली. चपला गाडीतच काढल्या आणि भेगाळलेल्या गाळातून अनवाणी निघाली, हातात पाण्याचा तांब्या, पदराला कुंकवाची पुडी. मी मागून तिची भाकरी घेऊन चाललोय. तिनं उंबऱ्यावर पाणी ओतलं, पाऊल आत टाकलं आणि "आई गं!" म्हणून मटकन बसली. हिरवी पाठ, नारिंगी पोट. मी बघताक्षणी ओळखला. टोक अंगठ्याच्या आरपार गेलेलं. माझ्या खिशात पक्कड असतेच. टोक कापून गळ मागं काढला, क्रँकबेट खिशात टाकला. "किती अलगद काढलास रं," म्हणाली. मग चिडली. "कुन्या मुडद्यानं टाकलं हे आपल्या घरात? हात झडतील त्याचे!" आणि रक्ताळलेल्या हातानं माझ्या गालावरून बोटं मोडली. "तू हुतास म्हून. भावाचं नाव राखलंस बाबा." तेव्हा मी म्हणालो, "पुण्याचे लोक असत्यात, आत्या." तिनं विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो.

तिला शुगर आहे. जखम भरेना. पाऊस झाला, गाव पुन्हा पाण्याखाली गेलं, तरी मी श्रीरामपुराला जाऊन तिला पट्टी बदलायला नेतोच आहे. डॉक्टर म्हणाले, काळं पडलं तर अंगठा काढावा लागेल. बाहेर बाकावर बसून ती शेजारच्या बाईला सांगते, "माझा भाचा, पोटच्या पोरावानी करतो." मला बाकाखाली शिरावंसं वाटतं. दर खेपेला ठरवतो, आज सांगायचं. मग ती पिशवीतून माझ्यासाठी आणलेला लाडू काढते आणि मी तो खातो. कसला निर्लज्ज मी, खातो!

गाव पाण्याखाली जायच्या आधी एकटा जाऊन भिंतींतले सगळे क्रँकबेट मी वेचून आणले होते. फेकायलाच आणले होते. पण घासून पुसून बघितले तर रंग जागच्या जागी. गंजलेले गळ काढून नवे बसवले. गेल्या रविवारच्या पार्टीला दुपारपर्यंत काही लागलं नाही, माणसं कंटाळली, तेव्हा मी त्यातलाच एक बांधून दिला. आत्याच्या पायातलाच. आणि कळस टेकडीच्या पोटात घेतला. टकटक झाली, रॉड वाकला, हातभराहून मोठा शिवडा वर आला आणि पार्टीपेक्षा मीच मोठ्यानं ओरडलो. त्या वेळी मला ना तुमची आठवण झाली, ना तिची. नुसता आनंद झाला.

हे पत्र खरं तर आत्यासाठी लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीत तिचं नाव घालवेना, म्हणून तुमचं घातलं. तुम्ही काही बोलणार नाही. उद्या सकाळी तिला पट्टीला न्यायचंय.