सहा शुक्रवारांचं बँडेज

विस्कॉन्सिन,
मंगळवार, ११ मे १९९३

लाडक्या मार्सेला,

तुला आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा खोकला गेला, तो आता कुत्र्याला आलाय. चर्चच्या सूचनापत्रकामागे लिहितेय. बाजू कोरी असताना नवा कागद कशाला?

रविवारी फोनवर म्हणालीस, मेडिकलच्या अर्जासाठी लिंडक्विस्ट सरांकडे शिफारसपत्र मागणार नाहीस. गेल्या वर्षी त्यांचा रसायनशास्त्राचा वर्ग अर्ध्यावर सोडलास, गुणपत्रिकेवर विषय सोडल्याचा तो ‘डब्ल्यू’ बसला, आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं. अगं, तोच विषय त्यांच्याचकडे पुन्हा घेऊन तू ‘ए’ मिळवलास. तुला त्यांच्याइतकं कोण ओळखतं? असो, मी कशात पडत नाही.

काल त्यांना भेटून आले.

रागावू नकोस. बस तिकडेच जात होती. बीटच्या लोणच्याची बरणी नेली होती, ती त्यांनी टेबलाच्या अगदी कडेला सरकवली. विद्यार्थ्याबद्दल त्याच्या आईशी बोलता येत नाही, नियम आहे, म्हणाले.

मी म्हटलं, “तुम्ही नका बोलू. मी बोलते.”

मग ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मी सांगत सुटले. ईस्टरआधीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळून गावजेवण असतं, तळणीची कढई बावीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि पहिल्याच शुक्रवारी माझा हात भाजला. कढई चर्चमधल्या जेराल्डीनकडे गेली असती, आणि ती पिठात साखर घालते. म्हणून तुला बोलावलं. तू उरलेले पाचही शुक्रवार आलीस. शुक्रवारीच तुमचे प्रयोग असतात, ते बुडले, हे मला तो ‘डब्ल्यू’ आल्यावर कळलं.

ते खिडकीकडून वळले. मग म्हणाले, “कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल सांगतो. वर्ग सोडला, याचं मला काही नाही. का सोडला ते त्याने सांगितलं नाही, तर पत्रात मला तिथे गप्प बसावं लागतं, आणि वाचणारे वाटेल ते समजतात. त्याने स्वतः यावं. दोन वाक्यं पुरतात. शुक्रवारी दुपारी मी असतो, नंतर वर्षभर रजेवर. आणि बाई, तुम्ही परत येऊ नका.”

त्यांनी बरणी परत दिली. बसमध्ये सांडली.

पण मार्सेला, दोन वाक्यं सांगायची तर तुला खरं माहीत हवं. पाद्रींना कन्फेशनमध्ये सांगून झालं, काल सरांनाही सांगितलं, तुलाच तेवढं राहिलं. माझा हात दुसऱ्या शुक्रवारपर्यंत बरा झाला होता. तू विचारायचीस, “आई, अजून दुखतं?” आणि मी म्हणायचे, “थोडंसं.” तेच बँडेज दर आठवड्याला धुऊन बांधत होते. कढईचं निमित्त होतं गं. तू ॲप्रन बांधून शेजारी उभी राहायचीस, जेराल्डीनची नक्कल करायचीस, आणि मला वाटायचं, एवढा एक शुक्रवार.

तेव्हा हात भाजल्याचं सांगू नकोस. पहिलं वाक्य: आईने बोलावलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. दुसरं: आता येतं. या शुक्रवारी घरी येऊ नकोस, तिथेच राहा.

पुढच्या वर्षीची कढई मी जेराल्डीनला देऊन टाकली. घालू दे साखर.

दोन्ही हात धडधाकट असलेली,
तुझी आई