जंगलातले अण्णा

अण्णा, या वयात मी जपानी शिकते आहे. माझा मुलगा तिकडंच राहिला, सूनही तिकडचीच, आणि त्यांची पोरगी आता सात वर्षांची आहे. तिला मराठीतलं 'आजी' आणि 'बास' एवढंच येतं. फोनवर माझं तोंड बघून कंटाळायची, उठून जायची. म्हटलं, तिच्या मनात मला जागा हवी असेल तर शब्द मलाच जमवले पाहिजेत. तिला झाडांचं वेड, म्हणून तिथूनच सुरुवात केली. झाड म्हणजे 'की', राई म्हणजे 'हायाशी', जंगल म्हणजे 'मोरी'. आपल्याकडं मोरीत भांडी घासतात म्हटल्यावर मुलगा पोट धरून हसला.

गारखेड्यातल्या घरात दुपारी वही घेऊन बसते. तुमच्या जावयांना जाऊन सहा वर्षं झाली. वही मिटली की अजून त्यांच्या खुर्चीकडं बघते, मग चहा टाकते. शब्द पाठ करताना मात्र तुमची लाकडाची वखार आठवते, पोलीस ॲक्शननंतर शहागंजजवळ टाकलेली. मी आठ वर्षांची, ओंडक्यावर बसून रद्दीतला पेपर वाचते आहे. तुम्ही तो काढून घेता आणि तळहातावर भुसा ठेवता.

"डोळे मीट. वास घे. काय हाय?"

"साग."

"बाभूळ हाय, बये! तुला गल्ल्यावर बसवलं तर गिऱ्हाईक मला झोडपंल."

आणि पेपर परत देता.

तुमचीच लेक मी. गेल्या महिन्यात नातीनं फोनवर शाळेमागची उंच झाडं दाखवली. मी ऐटीत म्हटलं, "छान झाइमोकु!" ती किंचाळलीच. मुलगा म्हणाला, "आई, तू त्यांना इमारती लाकूड म्हणालीस. ती म्हणते, झाडं अजून जिवंत आहेत!"

काय करू, मला उभ्या झाडातही फळ्याच दिसतात.

मग तिनं विचारलं, तुझे बाबा काय करायचे? मुलगा नेमका दार उघडायला गेलेला. होते तेवढे शब्द मी जोडले: बाबा, रोज, झाडं, जंगल. दुसऱ्या दिवशी तिनं चित्र पाठवलं. दाट जंगल, मधे तुम्ही, हातात पाण्याची झारी. आता फोन लागला की ती आधी तुमच्या झाडांची चौकशी करते. उठून जात नाही.

तोडणं आणि विकणं, दोन्हींचे शब्द मला गेल्या आठवड्यात सापडलेत, अण्णा. पाठही आहेत. तिच्यापुढं अजून उच्चारले नाहीत, आणि मुलालाही गप्प राहायला सांगितलंय.