बाजूची सहल

रिओ सेको, पिनार देल रिओ
१२ सप्टेंबर १९९९

चि. एवेलिओ यास,
अ. उ. आ.

इकडे जसं होतं तसंच आहे, म्हणून ठीक म्हणायचं. वीज दिवसातून दोनदा जाते. रेशनच्या कॉफीत वाटाणे इतके, की उसळच करावी. माझा गुडघा बोलतो, पण मी त्याला उत्तर देत नाही.

पत्राला कारण घडलं. परवा बिएनवेनिदो घरी आला. नाव 'स्वागत असो' आणि काम कबरी खोदायचं, म्हणून बाबा त्याला किती छळायचे ते तुला आठवत असेल. दारात उभा राहिला आणि टोपी काढली, तेव्हाच समजलं. बाबांची मुदत कधीच संपली म्हणाला. जागा उसनी असते, मागे रांग आहे. येत्या कोरड्या दिवसांत त्यांना बाहेर काढायचं, हाडं पुसून पेटीत ठेवायची आणि पेटी आईशेजारी कोनाड्यात सरकवायची.

आईच्या वेळी तू मॉस्कोत शिकत होतास. तिचं सगळं मी एकटीने केलं. डोकं मी हातात घेतलं. या कामाला चार हात लागतात रे, एकाने काढून द्यायचं आणि दुसऱ्याने स्पिरिटने पुसून घ्यायचं. दुसऱ्यांदा मला ते एकटीला करायचं नाही. म्हणून तू ये. बाबा गेले तेव्हा येऊ शकला नाहीस, त्याबद्दल मी बोलत नाही. पण आता तिकडे राहिलेल्यांनाही यायची परवानगी मिळते असं ऐकते.

बाबांना तू पाठवलेल्या सुटातच पोचवलं, हे मागे लिहिलं होतं. जिवंतपणी एकदाच घातला. अंगणात एक फेरी मारली आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसल्यासारखं वाटतं म्हणून काढून ठेवला. त्यांना त्यांचा सुती ग्वायाबेरा सदराच हवा होता, कॉलर विरलेला. पण गाव येणार होतं. मुलगा विसरलेला नाही हे लोकांना दिसायला हवं होतं.

पत्र शेजारच्या पालोमाच्या जावयाबरोबर पाठवते आहे. लोभ आहे तसा राहू दे, आणि या वेळी तो पायांनी चालत येऊ दे.

तुझी ताई,
मिग्दालिया


टोरांटो
२४ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मी येतोय. नुसता मी नाही, लोरेन आणि नोएलियाही. नोएलियाला सात पुरी होतील. तिला आत्या आहे हे माहीत आहे, पण ती आत्या नकाशावर कुठे बसते हे रोज नव्याने विचारते.

लोरेनच्या कारखान्यात फेब्रुवारीत एकच आठवडा सुट्टी मिळते. वेगवेगळं सगळं काढण्यापेक्षा इथे तयार सहली मिळतात. विमान, किनाऱ्यावरचं हॉटेल, दोन वेळचं जेवण, सगळं त्यातच. मी असा बेत केला आहे: आधी किनारा, कारण पोरगी समुद्र समुद्र करते आहे. मग एक दिवस हवाना. गुरुवारी गावाकडची बाजूची सहल. त्यात तंबाखूचं शेत, गुहा, जेवण. बस आपल्या फाट्यावरूनच जाते. गाइडशी बोलणं झालं आहे. जेवणाच्या वेळी तो मला गावात सोडेल आणि चारच्या सुमारास परत घेईल. बिएनवेनिदोला गुरुवार जमेल का ते विचार.

सुटाबद्दल वाचून बरं वाटलं. दुकानदार म्हणाला होता की हा कधी चुरगळत नाही, याला इस्त्री लागत नाही. तुला कोळशाची इस्त्री करताना पाहिलेलं आहे, म्हणून तोच घेतला.

गुडघ्याचं मलम पाठवतो आहे. ते बोललं तर त्याला मात्र उत्तर दे.

मोठ्यांची माया दूरवर पोचते असं धरून चालतो.

तुझा,
एवेलिओ


रिओ सेको
२१ नोव्हेंबर १९९९

एवेलिओ,

आशीर्वाद आहेत, ते लिहायला हात उठत नाही.

तुझा बेत दोनदा वाचला. मग पालोमालाही वाचून दाखवला, म्हटलं मलाच नीट दिसत नसेल. तिने विचारलं, एवेलिओचा जन्म किनाऱ्यावरच्या हॉटेलात झाला होता का? मी म्हटलं, नाही बाई, बाजूच्या सहलीत झाला.

तंबाखूचं शेत, गुहा, जेवण आणि बाबा. गाइड त्यांच्याविषयी काय सांगणार आहे तेही कळव, म्हणजे मी झाडून ठेवते. पेसो मागणारी पोरं फाट्यावर उभी करू का? नोएलियाला बैलावर बसवून फोटो काढायचा असेल तर बैल मेला, चार वर्षं झाली.

मॉस्कोच्या वाटेवर विमान तिकडे तुमच्या देशात इंधनाला थांबलं, तेव्हा तू उतरलास आणि परत चढला नाहीस. तेव्हा लोक काहीबाही बोलले. बाबा एवढंच म्हणाले, की त्याला लहानपणापासून मधल्या थांब्यावर उतरायची सवय आहे, एक दिवस इथेही उतरेल. मरेपर्यंत हे म्हणत होते. बस लांबून ऐकू आली की टोपी घालायचे.

बिएनवेनिदोला गुरुवार जमतो. त्याला मी जेवण मध्ये येतं हे सांगितलं नाही.

माझ्या रागाचा तुझ्या बायकोला त्रास नको. तिला काय खायला चालतं ते लिही. डुक्कर मिळेल असं वाटतं. मलंगाचे कंद आहेत.

मिग्दालिया


टोरांटो
९ जानेवारी २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. सगळं खरं आहे. या सहलीशिवाय वेगळं तिकीट मला परवडलं नसतं, हेही खरं आहे.

लोरेनला सगळं सांगितलं. तिच्याकडे माणूस एकदा पुरला की पुरला. तिने विचारलं, मग तुम्ही त्यांना परत का भेटता?

मला भीती वाटते ताई. बाबांना शेवटचं पाहिलं ते हवानाच्या विमानतळावर, काचेच्या पलीकडे. ते काहीतरी सांगत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. मी मान हलवत राहिलो. आता ते माझ्या हातात येतील. मी पुसून घेईन, तू काढून देऊ नकोस, तू बस. कसं धरायचं तेवढं त्या वेळी सांग.

लोरेन सगळं खाते.

गुरुवारी भेटू. उरलेलं प्रेम समोर बसून मागेन.

एवेलिओ


रिओ सेको
५ मार्च २०००

चि. एवेलिओ यास,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोचलात हे पालोमाच्या फोनवरून कळलं. लाइन तुटली नसती तर मी काही बोलले असते असं नाही.

तू विचारलंस की बिएनवेनिदो मला बाजूला घेऊन काय म्हणाला. त्या वेळी सांगितलं नाही, आता लिहिते. फळी उचलली तेव्हा त्यालाच आधी दिसलं. त्याने तुझ्या छातीवर हात ठेवून तुला मागे सारलं, पण तू वाकलेला होतास. अजून झालेले नाहीत, असं तो म्हणाला. भाताबद्दल म्हणतात तसं. मग मला बाजूला नेऊन विचारलं, की यांना कपडे कोणी चढवले. मी म्हटलं, मी. तो म्हणाला की सुती असतं तर कधीच मोकळे झाले असते. या कपड्याला माती खात नाही, आणि तो आतलं पाणीही धरून ठेवतो. बाहेरून येणाऱ्या कपड्यांनी त्याने हे आधीही पाहिलं आहे. झाकायचं आणि वर्षभर थांबायचं.

म्हणजे ते मी केलं. गावाला दाखवायला केलं.

गाइड हॉर्न वाजवत होता. लोरेन पोरीला घेऊन कुंपणाशी आली. नोएलियाच्या डोक्यावर गवती टोपी होती, गुहेपाशी घेतलेली. तू तिला लांबूनच जा म्हणालास, लोरेनला तुमच्या भाषेत काहीतरी बोललास, आणि बस तुझ्याशिवाय गेली. मला वाटलं बाबा असते तर हसले असते. फाट्यावर उतरलास आणि परत चढला नाहीस.

बाबांच्या खाटेवर झोपलास. सकाळी अंगणात तू हात धूत होतास ते मी खिडकीतून पाहत होते. पाणी संपलं तरी धूत होतास.

तू गेल्यावर गावावर नजर ठेवणारा तो कमिटीवाला आला होता. परदेशी पाहुणा झोपला, नोंद कुठे आहे म्हणाला. मी म्हटलं, पाहुणा नव्हता, तो इथलाच. त्याने लिहून घेतलं. तू ठेवलेली चॉकलेटं मी त्याला दिली. ती घेतली आणि लिहिलेलंही ठेवलं.

डुक्कर केलं होतं, ते कोणी खाल्लं नाही. शेजारीपाजारी वाटून टाकलं.

पोरीला माझा पापा. तिच्याशी चार शब्द बोलायचे राहिले, ते बाकी ठेव.

तुझी ताई,
मिग्दालिया


टोरांटो
१४ मे २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते तू केलं नाहीस. घेतला मी, पाठवला मी. तू फक्त चढवलास. आपण याची वाटणी करत बसलो तर बाबा आपल्याला दोघांनाही हाकलतील.

लोरेनला वाटतं मला तिथे काहीतरी बाधलं. दुकानात गेलो की मी कपडा उलटा करून आतली पट्टी वाचतो. परवा विक्रेतीने विचारलं, अंगाला सोसत नाही का. मी हो म्हटलं.

एक सांगतो, कोणाला वाचून दाखवू नकोस. मी त्यांना ओळखलं. इतक्या वर्षांनी पाहिलं आणि ओळखलं. तू जिला तुझी चूक म्हणतेस तिच्यामुळे हे झालं आणि माझ्या सुटामुळे झालं. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. रात्री डोळा लागला की काच दिसते, पण आता ते काचेच्या अलीकडे असतात.

पुढच्या वेळी एकटा येईन. किनारा नाही, गुहा नाही. तुझ्याकडे आठवडाभर. सोबत एक चादर पाठवतो, पट्टी वाचून घेतली आहे, पूर्ण सुती. त्या दिवशी अंथरायला.

मी येईपर्यंत माया जपून ठेव.

एवेलिओ


टोरांटो
२८ जानेवारी २००१

ताई,

नमस्कार. परवानगी नाकारली. वकिलातीत खिडकीवरच्या बाईने फाइल काढून दाखवली. मागच्या वेळी सहलीच्या कागदावर येऊन घरी मुक्काम केला, नोंद नाही. दोन वर्षं येता येणार नाही. मी तिला सांगितलं की ती सहल नव्हती. ती म्हणाली, कागदावर सहलच आहे. मग तिने तो कागद माझ्याकडे वळवला. माझ्याच अक्षरात होतं. गुरुवार, बाजूची सहल.

बिएनवेनिदोला विचार, थांबता येईल का.

एवेलिओ


रिओ सेको
१८ मार्च २००१

चि. एवेलिओ यास,
अ. उ. आ.

थांबता आलं नाही. पालोमाचा नवरा गेला आणि जागा हवी होती. पालोमापुढे मी काय बोलणार. गेल्या मंगळवारी बाबांना काढलं.

या वेळी झाले होते. स्वच्छ होते, तंबाखूच्या पानाला शेवटी येतो तसा रंग. चार हात लागतात म्हटलं होतं ना, दोन बिएनवेनिदोने दिले. तुझी चादर अंथरली. तो एक एक काढून देत होता आणि देताना तुझं नाव घेत होता, हे एवेलिओचं, हे एवेलिओचं, म्हणजे तू घ्यायला हवं होतंस ते. मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. पुसून सगळं ग्वायाबेरात गुंडाळलं. कॉलर मी आदल्या दिवशी उलटून शिवली होती. पेटी आईशेजारी आहे. पाटीवर तुझंही नाव घातलं आहे, मुलगा म्हणून.

सूट तसाच होता. ओला, पण तसाच. विजारीची इस्त्रीची घडी जागेवर होती. बिएनवेनिदो म्हणाला, धुऊन कोणाला तरी चालेल, आणि मग मान खाली घातली. मी घरी आणला. अंगणात बाबांची खुर्ची असायची तिथे जाळायला ठेवला. रॉकेल वाया गेलं. तो जळला नाही, वितळला. काळा झाला आणि दगडाला चिकटून बसला. खरवडून पाहिलं. निघत नाही.

तेवढा डाग सोडला तर अंगण झाडून ठेवलेलं आहे. बस लांबून ऐकू येते. बाबांची टोपी खुंटीला आहे, ती मी काढलेली नाही.

दोन वर्षं गेली की ये. कागदावर काय लिहायचं ते मला विचारून लिही.

लोभाचं काय, तो तर इथेच दगडाला चिकटला आहे.

तुझी ताई,
मिग्दालिया