खरवसाची तिसरी वाटी

१२ नोव्हेंबर, पारनेर

दुपारी भावाकडे जेवले. गाय नुकतीच व्यालेली, म्हणून वहिनीने खरवस केला होता. दोन वाट्या संपवून वासरू पाहायला गोठ्यात गेले, तर वासरू नव्हतंच.

"गोऱ्हा झाला हुता," वहिनी म्हणाली. "त्याला पाजून काय करता? काल टेम्पोत दिला."

"कुठं नेला?"

"तुमी भाषणात सांगता न्हाई का वन्सं, तिथंच!" ती हसली आणि तिसरी वाटी पुढे केली.

मी ती घेतली. का घेतली? तिचं मन राखायला म्हणावं, तर खरवस मला आवडतो हेही खरंच.

इतकी वर्षं मटण खाणाऱ्यांना भर सभेत खुनी म्हणत आले. कुठकुठल्या पुस्तकांचे दाखले दिले! त्या गोऱ्ह्याच्या वाटणीचं दूध माझ्या वाटीत, मांस आणखी कुणाच्या ताटात. मग खुनी तो एकटाच?

उद्या श्रीगोंद्यात सभा आहे. तो शब्द वापरायचा नाही, एवढं ठरवलंय. पण टाळ्या नेहमी त्याच शब्दाला पडतात. उद्या समोरचे गप्प बसले, तर तो माझ्या तोंडून निघणार नाही, याची मला खात्री देता येत नाही.